एनएत (पहिल्या पिढीच्या माझदा मिआटात) सहा गिअरचा बॉक्स: 'एका रविवारचं काम' म्हणणाऱ्यांनो, जरा इस्कटून सांगा

उचगावकर_जर्सीत
परवा एकानं टाकलं, 'पहिल्या पिढीच्या मिआटात एनबीचा (दुसऱ्या पिढीच्या मिआटाचा) सिक्स-स्पीड बसवा, बोल्ट टू बोल्ट जुळतो, एका रविवारचं काम, हायवेला गाडी शांत पळते.' खाली नाद खुळा, नाद खुळा. अरे बसतो, ते कोण नाही म्हणतंय? शांत कशी पळेल ते सांगा. जुन्या पाचव्याचा रेशो (बॉक्सबाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) 0.814, ह्या सहाव्याचा 0.843, म्हणजे सहावा पाचव्यापेक्षा आखूडच! माझ्या 1.6 ला डिफ्रेन्शल (मागच्या चाकांमधला शेवटचा गिअर, आकडा कमी तेवढे इंजिनाचे फेरे कमी) 4.3 चं, मूळ साइजच्या टायरवर शंभरला साधारण 3,260 आरपीएम. नुसता बॉक्स बदलला की तेच 3,375. पैसे घालून आवाज वाढवायचा? पहिला पण 3.136 चा 3.760 होतो, चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकायला लागणार. माझदानं 2001 च्या सहा गिअरवाल्या एनबीला इकडं अमेरिकेत 3.9 चं डिफ दिलं ते काय हौस म्हणून? आणि 1.6 ला ते आकारानं मोठं डिफ घालायचं तर प्रोपेलर शाफ्ट, दोन्ही बाजूचे शाफ्ट सगळं आलं. कुठं राहिला रविवार.

बूस्ट_भावड्या
ती पोस्ट माझीच. कॅल्क्युलेटर मांडीवर घेऊन गाडी चालवतोस काय रे? टर्बो लावला की जुना पाच गिअरवाला टॉर्क सोसत नाही, दात जातात, सगळ्या जगाला माहीत हाय. सिक्स-स्पीड आयसिन कंपनीचा, निसानच्या एस15 सिल्वियात आणि माझदाच्याच आरएक्स-8 मध्ये त्याच घराण्यातला बॉक्स हाय. मजबुतीसाठी घालतात लोक.

उचगावकर_जर्सीत
टर्बो कुठनं आला मधीच? तू लिहिलंस 'हायवेला शांत'. माझ्या गाडीत कारखान्यातले 116 घोडे, ते पण आता म्हातारे. त्यांनी कुठला दात तुटतोय.

उद्यमनगरी
तुमची मिआटा आमच्या गल्लीत कुणी बघितलेली नाही, पण हे भांडण जुनं हाय. यामाहाच्या आरएक्स 100 बाइकला चार गिअर, आम्ही आरएक्स-झेडचे पाच घातले. आंबा घाट चढताना दुसऱ्यात इंजिन किंचाळायचं आणि तिसऱ्यात बसायचं, ती मधली दरीच गेली. तेव्हा रेशोची आकडेमोड कुणी केली नव्हती, लेथवाल्या मामांनी बुश करून दिला आणि गाडी पळाली.

रंकाळा_रिटर्न
पळाली?? माझी पण अशीच 'पळाली'. एका मेस्त्रीनं वॉशर कमी-जास्त घातले, गगनबावड्याच्या उतारावर गिअर आपोआप न्यूट्रलला यायचा. मागं बायको बसलेली. त्या दिवसापासनं घरात आरएक्सचं नाव काढायची सोय नाही. ओरिजिनल ठेवली असती तर आज तिला सोन्याचा भाव आला असता.

उद्यमनगरी
मेस्त्री चुकला त्याचं खापर गिअरबॉक्सवर कशाला? आणि सोन्याचा भाव म्हणे. गाडी चालवायला घेतलीस का सोनाराकडं ठेवायला?

कलम_बावन्न
दोघंपण शांत व्हा. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही.

उद्यमनगरी
आले वकील. आरसी बुकात गिअर किती हाय ते कुठल्या रकान्यात लिहिलंय, दाखवा की. एमएच 09 ची सगळी बुकं उघडून बघा.

कलम_बावन्न
गिअर नसतील लिहिले, इंजिन नंबर असतो ना? तो क्रँककेसवर ठोकलेला असतो. नुसते गिअर न बदलता पाच गिअरचा आख्खा केसच आणून जोडला की नंबर बदलला. मग पासिंगला हुबलाक हेलपाटे घाला. माझ्या मेव्हण्यानं घातलेत.

रंकाळा_रिटर्न
आणि त्या फोडक्या सायलेन्सरवाल्यांना कोण धरत नाही! रात्री अकराला तळ्याकाठनं बुलेट फटाके फोडत जाते, आमच्या आईला बीपी हाय. आधी त्यांना कलम लावा.

बूस्ट_भावड्या
विषय काय चाललाय आणि आईचं बीपी काय. कंडका पाडा की. मी तर म्हणतो गिअर जवळजवळ असले की घाटात मजा येते, उद्यमनगरीनं तेच सांगितलं. शंभरला शे-सव्वाशे आरपीएम वाढले म्हणून कुणी मेलं नाही.

उचगावकर_जर्सीत
हां, आता 'घाटात मजा' म्हणालास. ती येते, कबूल. परवा हेच लिहिलं असतंस तर मी एवढं टाइप केलं नसतं. आणि जुन्या पाच गिअरवाल्याचा लिव्हर मनगटानं पडतो. मित्राच्या सहा गिअरवाल्या एनबीत थंडीत दुसऱ्याला अडखळतो, तेल गरम होईपर्यंत चुकवून तिसराच घ्यावा लागतो. त्याचं काय?

बूस्ट_भावड्या
तेल बदलायला सांग त्याला. बरं बाबा, डिफपण बदलायचं असं पोस्टमध्ये घालतो, जर्सीच्या साहेबांची आज्ञा. 'हायवेला शांत' मात्र काढणार नाही. 3.9 घातलं की तुझ्याच गणितानं आरपीएम आताच्यापेक्षा कमी येतात, कर गुणाकार.

उचगावकर_जर्सीत
येतात. शंभरला दोनशे-एक कमी. त्यासाठी डिफ, तीन शाफ्ट आणि बॉक्स. घाल पोस्टमध्ये, फक्त 'रविवार' खोड.

उद्यमनगरी
आरएक्स-झेडचा गिअर सेट कुणाकडं असंल तर कळवा. वॉशरसकट.