वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वर्गात तंत्रज्ञानातले नेमके काय शिकवावे?

प्रश्न

आमच्या प्रशिक्षण संस्थेकडे विभागप्रमुख आणि त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी पाच दिवसांचा निवासी वर्ग आखण्याचे काम आले असून 'नेतृत्व व तंत्रज्ञान' हे विषयाचे नाव वरूनच ठरून आले आहे. मागील वर्गाचे वेळापत्रक काढून पाहिले, तर कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन, क्लाउड आणि सायबर सुरक्षा यांवर प्रत्येकी दीड तासाचे व्याख्यान आणि शेवटच्या दुपारी नेतृत्वावर एक भाषण, असा सगळा मामला होता. अभिप्रायाच्या अर्जावर बहुतेकांनी 'उत्तम'समोर खूण केली होती. मात्र सहा महिन्यांनी मी काही जणांना फोन करून त्यातले काय कामी आले असे विचारले, तेव्हा जेवणाच्या सुटीत इतर खात्यांतील लोकांशी झालेल्या ओळखींपलीकडे कोणाला फारसे काही सांगता आले नाही. वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या, स्वतः संगणकप्रणाली बनवणार नसलेल्या परंतु तिच्या खर्चाच्या प्रस्तावावर सही करणाऱ्या माणसाला तंत्रज्ञानातले काय शिकवावे?

उत्तर १

अशा वर्गांत मी आधी प्रशिक्षणार्थी म्हणून बसलो आहे आणि नंतर काही वर्षे शिकवलेही आहे. माझे स्पष्ट मत असे की व्याख्याने निम्म्याने कमी करावीत आणि एक पूर्ण दिवस एकाच फसलेल्या प्रकल्पाला द्यावा.

मी कॅनडा सरकारच्या 'फिनिक्स' वेतनप्रणालीचे उदाहरण घेतो, कारण तिचे लेखापरीक्षण अहवाल सर्वांना वाचायला उपलब्ध आहेत आणि त्यांत संगणकापेक्षा माणसांचीच गोष्ट अधिक आहे. ही प्रणाली उभारण्यासाठी १५.५ कोटी डॉलरची तरतूद मंजूर होती. २०१२ मध्ये कंत्राटदार कंपनीने २७.४ कोटी लागतील असे सांगितले. जबाबदार अधिकाऱ्यांनी वाढीव निधी मागण्याऐवजी प्रणालीचे कामच छाटले, आणि पूर्वलक्षी वेतनफरकाची आकारणी करण्यासारखी अत्यावश्यक कामे त्यात पुढे ढकलली गेली. एका खात्यात करावयाची प्रायोगिक चाचणीही रद्द झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रणाली सुरू झाल्यावर हजारो कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा अजिबातच पगार मिळेना.

वर्गात मी ही गोष्ट २०१२ पर्यंतच सांगतो आणि सर्वांना त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवून पुढची टिपणी लिहायला लावतो. अनुभव असा, की बहुतेक टिपण्या 'व्याप्तीचे सुसूत्रीकरण करून मंजूर तरतुदीतच काम पूर्ण करावे' याच वळणाच्या येतात. त्यानंतर २०१६ मध्ये काय घडले ते सांगितले की वर्ग बराच वेळ गप्प असतो, आणि खरी चर्चा तिथून सुरू होते: निधी कमी पडतो हे वर सांगणे इतके अवघड का झाले, आणि माझ्या खात्यात ते कोणी मला सांगू शकेल का?

दुपारच्या सत्रात मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची 'प्री-मॉर्टेम' ही पद्धत वापरावी. प्रत्येकाने स्वतःचा चालू प्रकल्प घेऊन, तो वर्षभराने सपशेल फसला आहे असे गृहीत धरून, त्याची कारणे लिहायची असतात. एरवी ज्या शंका काढणे म्हणजे अपशकुन समजला जातो, त्या येथे बिनदिक्कत कागदावर उतरतात.

उत्तर २

वरील मांडणीतील बरेचसे पटते. पण 'हा माणसांचा प्रश्न, तंत्रज्ञानाचा नव्हे' असे म्हणत अधिकाऱ्यांना तपशिलातून मोकळे सोडणे मला धोक्याचे वाटते. ऑस्ट्रेलियातील 'रोबोडेट' हे सरकारी भत्त्यांच्या संगणकीय वसुलीचे प्रकरण पाहावे. भत्ता घेणाऱ्या व्यक्तीचे करखात्याकडील वार्षिक उत्पन्न २६ पंधरवड्यांत सारखे विभागायचे, तिने प्रत्यक्ष कळवलेल्या उत्पन्नाशी ते ताडून पाहायचे, आणि तफावत दिसली की वसुलीची नोटीस धाडायची, असा त्यातला नियम होता. ज्याला वर्षातले काही महिनेच काम मिळते, त्याच्या बाबतीत हा हिशेब चुकणारच, हे समजायला आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही, परंतु नियम उलगडून पाहण्याची सवय मात्र हवी. ही पद्धत कायद्यात बसत नाही असा सल्ला योजना सुरू होण्यापूर्वीच, २०१४ मध्ये, खात्याच्या विधी शाखेने दिला होता; तरीही ती राबवली गेली आणि २०२३ मध्ये शाही आयोगाने (सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने) तिच्यावर कठोर ताशेरे ओढले.

म्हणून माझ्या वर्गात एक सत्र निव्वळ आकडेमोडीचे असते. एका काल्पनिक लाभार्थ्याची वर्षभराची कमाई फळ्यावर मांडून प्रणालीचा नियम अधिकाऱ्यांनी हाताने, कागद-पेन्सिलने चालवायचा. विदा (डेटा) कोठून आली, ती कशासाठी गोळा केली होती, आणि निर्णय चुकला तर नागरिकाने कोणाचे दार ठोठवायचे, हे प्रश्न मग आपोआपच निघतात. ब्लॉकचेनचे व्याख्यान मात्र खुशाल रद्द करावे.

उत्तर ३

एक छोटी सूचना. ब्रिटनमध्ये २०१४ साली लागू झालेल्या डिजिटल सेवांच्या मानकात शेवटचा मुद्दा असा होता, की संबंधित मंत्र्याने ती सेवा सुरुवातीपासून अखेरपर्यंत स्वतः वापरून पाहावी. हाच प्रयोग मी एका वर्गात केला आणि प्रत्येकाला आपल्याच खात्याच्या संकेतस्थळावर स्वतःच्या फोनवरून अर्ज भरायला सांगितले. एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी सवयीने फोन मागे बसलेल्या स्वीय सहायकाकडे दिला. तो परत घ्यायला लावल्यावर त्यांनी ओटीपीची तीनदा वाट पाहिली, मग छायाचित्र ठरावीक आकारापेक्षा मोठे असल्याचा संदेश आला, आणि ते लहान केल्यावर भरलेला सगळा अर्ज कोरा झाला. 'हे लोक रोज सहन करतात?' एवढेच ते बोलले. स्वीय सहायकांना त्या तासापुरते बाहेर बसवा, एरवी प्रयोग फुकट जातो.

प्रश्नकर्ता

तिन्ही उत्तरांबद्दल आभार. 'फिनिक्स'चा दिवस, हाताने नियम चालवण्याचे सत्र आणि अर्ज भरण्याचा तास हे तिन्ही प्रस्तावात घातले आहेत. अडचण एवढीच, की प्री-मॉर्टेमच्या सत्रात एकाच खात्यातील वरिष्ठ आणि त्यांचे हाताखालचे अधिकारी एकत्र बसणार आहेत, आणि साहेबांसमोर कोणी मनातले लिहील असे मला वाटत नाही. निनावी चिठ्ठ्यांनी काम भागेल, की गटच वेगळे करावेत?

उत्तर १

गट वेगळे करा. छोट्या खात्यात चिठ्ठीवरचे अक्षर ओळखू येते.