घरी एकट्याने वृक्षासन करताना तोल कसा सांभाळावा?

प्रश्न (परभणी)
नमस्कार. माझे वय ५४ असून रक्तदाबासाठी रोज एक गोळी चालू आहे. पहाटे घरची मंडळी उठण्यापूर्वी मी शहाबादी फरशीवर सतरंजी अंथरून काही आसने करते. ताडासन व्यवस्थित जमते. एका पायावर उभे राहून करायच्या वृक्षासनात मात्र वर घेतलेल्या पायाचा तळवा मांडीवरून घसरत गुडघ्यापाशी येऊन थांबतो आणि डाव्या पायावर तर मला धड उभेच राहता येत नाही. भिंतीचा आधार घेतला तर आसनाचा काही उपयोग नाही, असे शेजारच्या काकू म्हणतात. हे खरे आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (लातूर, योगशिक्षिका)
ताई, आधी ती सतरंजी गुंडाळून ठेवावी. गुळगुळीत फरशीवर ती सरकते आणि एका पायावर उभे असताना बोटभर सरकली तरी घोटा मुरगळू शकतो. त्यापेक्षा कोरड्या फरशीवर अनवाणी उभे राहणे बरे. उन्हाळ्यात कूलरचे पाणी आसपास उडालेले असते, तेही पुसून घ्यावे.

गुडघ्यापाशी थांबणारा तळवा ही आपल्या प्रश्नातील खरी काळजीची बाब आहे. गुडघा बिजागरीसारखा पुढे-मागे वाकतो, बाजूने येणारा दाब सोसण्यासाठी तो नाही. म्हणून तळवा मांडीच्या आतल्या बाजूस टिकत नसेल, तर तो गुडघ्याखाली पोटरीवर ठेवावा. तेही जमत नसेल, तर टाच दुसऱ्या पायाच्या घोट्याला टेकवून बोटे जमिनीवरच राहू द्यावीत. हेही वृक्षासनच आहे. पुष्कळदा दोष पायाचा नसून निसरड्या कापडाच्या सलवारीचा असतो, तेव्हा सुती कपडे घालून पाहावे.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात भिंत, पट्टा, खुर्ची आणि लाकडी ठोकळे यांचा आधार अभ्यासाचाच भाग केला, हे काकूंना निःसंकोच सांगावे. खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहिल्यास तोल गेला तरी मागे आणि एका बाजूला आधार मिळतो. प्लास्टिकची खुर्ची मात्र आधाराला घेऊ नये, भार पडताच ती कलंडते.

उत्तर (अंबाजोगाई, फिजिओथेरपिस्ट)
वरील मताशी मी सहमत आहे. फक्त ज्यांना मॅट हवीच असेल त्यांनी जाड फोमची घेऊ नये, कारण तिच्यात पाऊल रुतते आणि घोटा डगमगतो.

डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय व सांध्यांकडून येणाऱ्या संवेदना या तिन्हींच्या मेळातून शरीराचा तोल राहतो. यांपैकी डोळ्यांचा आधार काढून घेतला की बाकीच्या दोघांवर ताण येतो, म्हणून पहाटेच्या अंधारात किंवा वीज गेलेली असताना हे आसन टाळावे. नजर समोरच्या एखाद्या स्थिर खुणेवर ठेवावी. पंख्याच्या वाऱ्याने हलणारे कॅलेंडर त्यासाठी उपयोगाचे नाही.

रक्तदाबाच्या काही औषधांमुळे अंथरुणातून उठून उभे राहताच दाब उतरतो आणि भोवळ येते. त्यामुळे उठल्याबरोबर आसनाला लागू नये, थोडी हालचाल होऊ द्यावी. हात डोक्यावर नेण्याऐवजी छातीशी जोडावेत आणि श्वास रोखू नये. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली बसावे, आणि असे पुन्हा झाल्यास आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगावे.

उत्तर (नांदेड)
माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातील ओट्यावर बोटे टेकवून हे आसन करतात. ओटा जागचा हलत नाही, ही त्याची सर्वांत मोठी सोय. मात्र शेगडी पेटलेली असताना कोणी हा प्रयोग करू नये.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा डावा पाय कमजोर आहे, तर सुरुवात कोणत्या पायाने करावी?

उत्तर (लातूर, योगशिक्षिका)
डाव्याच पायावर आधी उभे राहावे, कारण तेव्हा अंगात थकवा नसतो. उभ्या पायाचा गुडघा मागे ताणून कडक करू नये आणि डाव्या बाजूला जितके श्वास टिकता येईल तितकेच उजव्या बाजूलाही थांबावे.