पावसात दुचाकीची बॅटरी उतरते: आधी मीटर लावायचा की आधी नवी बॅटरी घ्यायची?

मांडवीपार

जून लागला की आमच्याकडे गोव्यात एकच रडगाणं. गाडी आठवडाभर शेडमध्ये उभी राहिली, मग बटन दाबलं तर रिले नुसता टकटक करतो, सेल्फ काही घेत नाही. गॅरेजवाला पाना हातात घेण्याआधीच सांगतो, "बॅटरी गेली." नवी घालायची, ती गणेशचवथीपर्यंत चालते, पुढे परत तेच. चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं मत असं की चावी बंद असताना गाडी किती करंट खाते ते मोजल्याशिवाय बॅटरी घेऊच नये.

मोजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, दुसरी सोडलेल्या वायरीला. लाल पिन आधी १० अँपिअरच्या भोकात, आकडा अगदी बारीक आला तरच मिलीअँपिअरवर. मीटर मध्ये असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत शून्याच्या आसपास यायला हवं. घड्याळ, डिजिटल कन्सोल, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कंप्युटर) असलेल्या गाडीत एक-दोन मिलीअँपिअर, फार तर चार-पाच.

५० मिलीअँपिअर आले तर? दिवसाला १.२ अँपिअर-तास. ८ अँपिअर-तासाची बॅटरी आठवड्याच्या आत कोरडी, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी हात वर करणार. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो त्या लायनीत गळती. सगळे काढूनही हलला नाही तर रेक्टिफायरचा, म्हणजे इंजिनाची वीज बॅटरीजोगी करून देणाऱ्या डब्याचा, कपलर (वायरींचा जोड) सोडून बघायचा. त्यातला डायोड कच्चा झाला की गाडी बंद असतानाही करंट त्यातून झिरपत राहतो. आता बोला.

बाजारपेठ म्हापसा

बोलतो. हे सगळं मोकळा वेळ असलेल्या माणसाचं काम आहे. माझ्या दुकानात डिलिव्हरीच्या गाड्या आहेत. सकाळी सातला गाडी सुरू झाली नाही तर मी मीटर लावत बसू की माल पोचवू? बॅटरी तीन वर्षं चालली की तिने पैसे फेडले. बदला आणि विसरा.

आणि तुमच्या मोजणीत मुख्य गोष्टच राहिली. गळती शून्य असूनही बॅटरी मेलेली असू शकते. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवते, आपण खूश. सेल्फ दाबला की तोच आकडा ८ वर आपटतो. आतल्या प्लेटाच संपल्या, तिथे गळती शोधून काय मिळणार? तुमचा माणूस रविवारभर फ्यूज काढील, घालील, आणि सोमवारी बॅटरीच घेऊन येईल.

मांडवीपार

सेल्फ मारताना व्होल्टेज बघायचं हे शंभर टक्के मान्य. पूर्ण भरलेली बॅटरी साडेनऊ-दहाच्या खाली गेली तर ती गेलीच. पण भाऊ, हेही मीटरनेच कळतं ना? म्हणजे तुम्हीसुद्धा मोजाच म्हणताय, फक्त दुसरीकडे.

फोंडा ते फर्मागुडी

दोघांचं आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी चाललंय. गळती शोधता, बॅटरी बदलता, पण बॅटरीत भर पडते का ते कोण बघणार?

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीला हेडलाईट बंद करायचा स्विचच नाही. इंजिन सुरू म्हणजे दिवा सुरू. हॅलोजन असेल तर बहुतेक ३५ वॅटचा, म्हणजे अडीच-तीन अँपिअर एकटा तोच खातो. त्यावर टेललाईट, इग्निशन, बीएस-६ गाडीत पेट्रोलचा पंप. इंजिन आयडलवर (उभ्या गाडीत नुसतं चालू) असताना वीज बनवणारी कॉइल जेमतेम एवढंच देते, बॅटरीला वाटणीला काही येत नाही. वर लोकांनी फॉगलाईट लावलेले, मोबाईल चार्जरला लटकलेला. बाजारापर्यंत जायचं, तेही ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये. शिवाय घरोघरी एक काका असतातच, पावसात रोज सकाळी पाच मिनिटं गाडी अंगणात चालू ठेवणारे. बॅटरीला बरं वाटतं म्हणे! सेल्फ मारून घेतलं ते आयडलवर परत मिळतच नाही. उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

आधी इंजिन चार हजार आरपीएमवर नेऊन बॅटरीच्या टोकांवर मीटर धरा. १३.८ ते १४.५ यायला हवेत. १३ सुद्धा येत नसतील तर गळतीचं नाव काढू नका, चार्जिंग बघा.

मांडवीपार

चार्जिंग बघा हे बरोबर, पण "सेल्फचं परत मिळत नाही" हे जरा हिशेबाने तपासू. सेल्फ समजा ८० अँपिअर घेतो, दोन सेकंद. म्हणजे १६० अँपिअर-सेकंद, ०.०४५ अँपिअर-तासाच्या आसपास. रस्त्यावर एक अँपिअर जरी बॅटरीकडे वळला तरी तीन मिनिटांत फिटलं, थोडी तूट धरली तर चार-पाच. तेव्हा छोट्या फेरीने बॅटरी बसते हा बागुलबुवा आहे.

फोंडा ते फर्मागुडी

"एक अँपिअर जरी वळला तरी." सगळं त्या "जरी"वर आहे साहेब. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत उभे राहा, इंजिन चालू ठेवून. तिथे एक सोडा, अर्धाही वळत नाही. उलट दोन्ही इंडिकेटर लावून, ब्रेक दाबून उभे असाल तर बॅटरीतूनच जातं.

पर्वरीची स्कूटरवाली

मोजावं या बाजूची मी, पण मांडवीपार, तुमची कृती अर्धवट आहे आणि ती वाचून कुणीतरी मीटर उडवणार.

वायर सोडून मीटर मध्ये घातलात त्या क्षणी ईसीयू आणि कन्सोल पुन्हा जागे होतात आणि पहिला झटका मोठा येतो. मिलीअँपिअरवर असाल तर मीटरचा फ्यूज गेला. शिवाय जागेपणीचा आकडा बघून माणूस ओरडतो, गळती सापडली! ती गळती नव्हेच. नवीन गाडीत पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, सगळं झोपेपर्यंत. मी सोडलेली वायर आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये दोन्हीकडे चिमटे असलेली एक जाड वायर आधी लावते, मीटर तिला समांतर जोडते, सगळं शांत झालं की ती वायर काढते. तेव्हा दिसतो तो खरा आकडा.

आणि कंपनीच्या वायरिंगआधी नंतर बसवलेल्या वस्तू सोडा. हॉर्नचा रिले, यूएसबीचं सॉकेट, अलार्म. आमच्या शेजारच्या गाडीत यूएसबी सॉकेट थेट बॅटरीला जोडलेलं होतं, चावीच्या लायनीवर नाही. सॉकेटचा तो छोटा निळा दिवा रात्रंदिवस पेटलेला. सीट कव्हर पुढे आल्यामुळे दिसत नव्हता एवढंच.

काळी पाटी, पिवळी अक्षरं

माझा धंदा गाड्या भाड्याने द्यायचा. पावसात अर्ध्या गाड्या उभ्या. मला ना मीटर लागतो ना तुमचे समांतर चिमटे. निगेटिव्ह वायर सोडायची, टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळायची, महिन्यातून एकदा चार्जर. संपला विषय. घड्याळ शून्यावर येतं, येऊ दे. टुरिस्टला वेळ कुठे बघायचीय?

पर्वरीची स्कूटरवाली

आणि ट्रॅकर? भाड्याच्या गाड्यांत तो असतोच. वायर सोडलीत की त्याची आतली छोटी बॅटरी संपते आणि गाडी नकाशावरून गायब.

काळी पाटी, पिवळी अक्षरं

ताई, तिथेच तर दुखतं. सीझनमध्ये ट्रॅकर काढता येत नाही आणि खरा खादाड तोच. शेडला पत्रा असेल, नेटवर्क कमी असेल तर तो सिग्नल शोधत बसतो आणि जास्त खातो. म्हणून म्हणतो, पावसात गाड्या कुलपात आहेत तोवर वायर सोडा. मोजून काय करू, चोर कोण ते मला ठाऊक आहे.

कोळव्याचं खारं वारं

कुणी समुद्राचं नावच घेत नाही! किनाऱ्यावर राहणाऱ्याला विचारा. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी धरते आणि तीच बॅटरी पिते. फोंड्यात बसून कळायचं नाही ते.

फोंडा ते फर्मागुडी

खारं वारं बॅटरी पीत नाही, बॅटरीला उपाशी ठेवतं. टर्मिनलवरचा मळ ओला असला तरी त्यातून जाणारा करंट नगण्य. पण तोच मळ वायर आणि टोक यांच्या मध्ये शिरला की वाटेतला अडथळा वाढतो. चार्जिंगचे १४ व्होल्ट निघतात, बॅटरीपर्यंत १३.२ पोचतात. रेक्टिफायरचा कपलर उघडून बघा. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, एखादं भोक तापून तपकिरी झालेलं.

तपासायची सोपी रीत: मीटर व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. खायच्या सोड्याच्या पाण्याने टोकं धुवायची, कोरडी करायची, वायर आवळून वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग वायर आवळणारे महाभाग आहेत, त्यांना काय बोलायचं.

कोळव्याचं खारं वारं

म्हणजे दोष समुद्राचाच. मी वेगळं काय म्हणालो?

स्टँडवरचा पायलट

तुम्ही सगळे पुस्तक वाचून बोलता. आम्ही पणजीत दिवसभर मोटरसायकलवर भाडी मारतो, कदंब स्टँड ते मार्केट, मार्केट ते आल्तिनो. फेऱ्या छोट्याच, थांबणं सारखंच. आमच्या बॅटऱ्या बसत नाहीत. बसते ती उभ्या गाडीची. गाडी चालवा, बस.

मांडवीपार

हे घ्या! छोट्या फेऱ्या, वारंवार सेल्फ, तरी बॅटरी ठणठणीत. फोंडावाले, उत्तर द्या.

फोंडा ते फर्मागुडी

पायलटभाऊ, गाडी कुठली सालची? आणि सुरू कशाने करता, खरं सांगा.

स्टँडवरचा पायलट

गाडी जुनी, २०१४ ची. किकने. सेल्फ कशाला वापरू, किक आहे ना.

फोंडा ते फर्मागुडी

मिळालं उत्तर? दिवसा हेडलाईट बंद, सेल्फ नाही, कार्ब्युरेटर. त्या गाडीची बॅटरी हॉर्न आणि इंडिकेटरपुरती आहे. आताच्या बऱ्याच गाड्यांना किकच नाही. बॅटरी पार उतरली तर धक्का मारूनही सुरू होईलच असं नाही, कारण पंपाला आणि ईसीयूला करंट लागतो. जुन्या गाडीचा अनुभव नव्याला लावू नका.

मांडवीपार

किकचा मुद्दा मानला. पण पायलट म्हणतात त्यात एक धागा आहेच: उभी गाडी बसते, फिरती बसत नाही. चार्जिंग कमी पडत असतं तर फिरतीही बसली असती. चालताना भरून निघतं आणि उभी असताना जातं, त्यालाच मी गळती म्हणतो.

बाजारपेठ म्हापसा

किंवा बॅटरी म्हातारी झाली, भरलेलं धरून ठेवत नाही. वायर पूर्ण सोडून आठवडा ठेवा, तरी उतरली तर गाडीचा दोष नाहीच. ही माझी चाचणी, मीटरही नको.

पर्वरीची स्कूटरवाली

हे मात्र खरंच चांगलं आहे. वायर सोडून ठेवलेली उतरली तर बॅटरी, जोडून ठेवलेलीच उतरली तर गाडी. म्हापसेकर, बदला-आणि-विसरा म्हणणाऱ्याला हे सुचलं कसं?

बाजारपेठ म्हापसा

बॅटरीवाला वॉरंटीत बदलून देत नव्हता, तेव्हा त्याला दाखवायला केलं होतं. तरी मत तेच. दुकानामागे तीन गाड्या उभ्या आहेत. मांडवीपार, रविवारी मीटर घेऊन या. तिन्हीत बॅटरीच मेलेली निघाली तर मिरची भजी तुमच्याकडून.

मांडवीपार

येतो. शनिवारी सकाळीच तिन्ही बॅटऱ्या चार्जरवर पूर्ण भरा आणि रात्रभर वायर सोडून ठेवा. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी वरवरचा आकडा दाखवते आणि अर्धवट भरलेली चांगली असली तरी मेल्यासारखी वागते. ट्रॅकर असेल तर त्याची वायर कुठून गेली ते आधी शोधून ठेवा, सीट उघडण्यात माझा दिवस घालवू नका.