मदत हवी आहे: १२ किलोंत जास्तीत जास्त फायद्याचा माल कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. आईच्या बचत गटाला दिल्लीतल्या एका प्रदर्शनात स्टॉल मिळालाय. माल मोपाहून विमानानं न्यायचा आहे. तिकिटावर १५ किलो चालतात, त्यात बॅगच ३ किलोंची, म्हणजे मालाला उरले १२. मागच्या खेपेला काउंटरवर वजन जास्त भरलं आणि मे महिन्याच्या उन्हात वाळवलेली सोलां (आमसुलं) सोडायला आलेल्या मामाबरोबर घरी परत पाठवावी लागली. आईला ते फार लागलं. म्हणून या वेळी हिशेब करूनच बॅग भरायची आहे.

डबे सीलबंद आहेत, फोडायचे नाहीत. नमुन्याला चारच सांगतो: काजू ७ किलो, फायदा २१०० रुपये. खोलची मिरची ६ किलो, १५६०. सोलां ६ किलो, १५००. खाजें ४ किलो, ८८०.

मी किलोमागचा फायदा काढला. काजू ३००, मिरची २६०, सोलां २५०, खाजें २२०. वरून घेत गेलो: काजू घेतले, उरले ५ किलो, त्यात मिरचीही बसत नाही आणि सोलांही नाहीत, म्हणून खाजें. एकूण ११ किलो, २९८० रुपये. मग सहज अदलाबदल करून पाहिली तर मिरची आणि सोलां मिळून बरोब्बर १२ किलो आणि ३०६०! सगळ्यात फायद्याचे काजूच बाहेर राहिले. असं का होतं? खरी यादी ४० डब्यांची आहे, सगळ्या जोड्या हातानं कशा तपासू? पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहायला थोडंफार येतं.

उत्तर १

तुमची रीत डबे फोडता येत असते तर अचूक ठरली असती. इथे १ किलो रिकामा राहिला, घात तिथेच झाला. याला नॅपसॅक प्रॉब्लेम म्हणतात. ४० डब्यांच्या सगळ्या निवडी तपासायच्या तर त्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात, तो नाद सोडा.

० ते १२ किलोंचे १३ खण करा, सुरुवातीला प्रत्येक खणात शून्य. प्रत्येक खणात 'एवढ्या वजनात आजवरचा सर्वांत जास्त फायदा' लिहायचा. एकेक डबा हातात घ्या आणि प्रत्येक खणाला विचारा: हा न घेता जे आहे ते जास्त, की याचा फायदा अधिक याचं वजन वजा केल्यावर उरणाऱ्या खणातला आकडा? काजू आणि सोलां झाल्यावर १२च्या खणात २१०० असतील, ६च्या खणात १५००. आता मिरची आली: १५६० अधिक १५०० म्हणजे ३०६०. खाजें आल्यावर ८८० अधिक ८च्या खणातले २१००, म्हणजे २९८०. म्हणून ३०६० कायम.

खण १२कडून खाली भरत या. उलट गेलात तर एकच डबा दोनदा मोजला जाईल, नवशिक्यांची हमखास चूक हीच. वजनं अर्ध्या किलोच्या पटीत असतील तर खण २५ करा, ४० डब्यांना हजारभर पायऱ्या पुरतात. कोणता डबा घेतला याचीही नोंद ठेवा, नाहीतर आकडा मिळेल आणि बॅगेत काय भरायचं ते कळणार नाही.

आणखी एक, आईंना विचारून पाहा: मिरचीची अर्ध्या किलोची पाकिटं नाही का करता येणार? मग काजूंचा अख्खा डबा आणि ५ किलो मिरची, ३४०० रुपये!

धागाकर्ता

मनापासून आभार! चार डब्यांवर चालवून पाहिलं, ३०६० आलं. आई म्हणाली, काजूंचं सील काढायचं नाही, ते सादळतात, पण मिरचीची पाकिटं आज रात्रीच करते. फक्त एक अडचण उरलीय. मिरची वजनाला हलकी, पण जागा फार खाते. ५ किलो मिरची काजूंच्या डब्याबरोबर त्याच बॅगेत मावेल असं वाटत नाही. वजनाबरोबर जागेचीही मर्यादा घालायची तर खण कसे करायचे?

उत्तर २

एका ओळीऐवजी तक्ता करा: आडवे किलो, उभे लिटर. प्रत्येक डब्याला दोन्ही वजा करायचे, बाकी विचार तोच. पण आधी आज रात्री ती पाकिटं बॅगेत घालून दाबून बघा, चेन लागली तर तक्त्याची गरजच नाही.