नवऱ्याची बाजू आधी वाचावी की बायकोची?

जुनी टंकलेखिका

नमस्कार मंडळी. मी २९ वर्षं कोर्टात टंकलेखक होते, आता निवृत्त. नवराबायकोची प्रकरणं किती टाइप केली असतील त्याला गणती नाही. आधी अर्ज यायचा, मग जाबदाराची, म्हणजे समोरच्या पक्षाची, कैफियत, म्हणजे लेखी उत्तर. कैफियतीचा साचा ठरलेला: "अर्जातील कलम ४ मधील मजकूर खोटा, खोडसाळ असून तो या जाबदारास मान्य व कबूल नाही." कलम ५, पुन्हा तेच. अर्ज सकाळी आणि कैफियत दुपारी टाइप केली की संध्याकाळी बसमध्ये वाटायचं, ही दोन माणसं एका घरात राहिलीच नसावीत.

हे आठवायचं कारण, लेकीने एक इंग्रजी पुस्तक आणून दिलंय. त्यात टॉलस्टॉयची 'क्रॉयट्झर सोनाटा' आहे आणि तिला उत्तर म्हणून त्याच्या बायकोने, सोफियाने, लिहिलेली 'कोणाचा दोष?' ही लघुकादंबरीही आहे. टॉलस्टॉयची १८८९ ची. आगगाडीच्या डब्यात पोझ्निशेव नावाचा माणूस अनोळखी प्रवाशाला रात्रभर सांगत बसतो की मी माझ्या बायकोला का मारलं. ती पियानो वाजवायची, एक व्हायोलिनवाला घरी यायला लागला, ह्याच्या डोक्यात संशय शिरला. सोफियाने आपली १८९२-९३ च्या सुमारास लिहिली. तिच्यात अठरा वर्षांची आना पस्तिशीच्या प्रिन्सशी लग्न करते आणि सगळं आनाच्या डोळ्यांनी दिसतं.

मी ज्या क्रमाने छापलंय त्या क्रमाने वाचलं आणि घोटाळा झाला. सोफियाचं प्रत्येक पान मला कैफियतीसारखं वाटायला लागलं. नवरा म्हणतो बायकांना कपड्यालत्त्याशिवाय काही सुचत नाही, की लगेच हिची आना चित्रं काढते, तत्त्वज्ञान वाचते. कलम ४ अमान्य, कलम ५ अमान्य. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग तिने स्वतःचंच वकीलपत्र घेतलं म्हण की!" मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही.

तर प्रश्न असा: कोणी उलट्या क्रमाने वाचलंय का? आधी तिचं, मग त्याचं? काही फरक पडतो का?

खारी बिस्कीट

ताई, मी अपघाताने उलटं वाचलंय. पुस्तक मैत्रिणीचं होतं, तिने सोफियाच्या गोष्टीत खूण घालून ठेवली होती, मी तिथूनच सुरू केलं.

फरक पडतो. आधी वाचलं की ती कुणाला उत्तर देतेय हेच माहीत नसतं, त्यामुळे आना ही फक्त आना राहते. मला लक्षात राहिला तो बेखमेतेव, प्रिन्सचा आजारी मित्र. तो आनाशी नुसता बोलतो. मुलांबद्दल, पुस्तकांबद्दल. बाईला नवऱ्याकडून हवं काय होतं, ते त्या चारदोन प्रसंगांत कळतं आणि त्यात शृंगार जवळजवळ नाहीच. त्यानंतर पोझ्निशेव वाचताना पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस शंभर पानं बडबडतो, पण बायकोचं नावसुद्धा घेत नाही. आधी त्याचं वाचलं असतं तर माझ्या ते ध्यानातही आलं नसतं.

रावसाहेब ७१

थोडा विरोधी सूर लावतो. पोझ्निशेव म्हणजे टॉलस्टॉय नव्हे. तो खुनी आहे, चहावर चहा ढोसणारा, अर्धवट वेडा. लेखकाने त्याला तसा मुद्दाम केलाय. त्यामुळे 'नवऱ्याची बाजू' म्हणणं अन्यायाचं आहे.

आणि सोफियाची आना फार सोज्वळ आहे हो. तिच्या हातून एकही चूक होत नाही. अशा बाईशी संसार करणाऱ्याची मला थोडी दयाच येते. (आमच्या सौभाग्यवतींनी हे वाचू नये.)

खारी बिस्कीट

काका, पोझ्निशेव वेडा होता हे मान्य. पण मग टॉलस्टॉयने १८९० मध्ये पुरवणी जोडून त्याचीच मतं स्वतःची म्हणून का मांडली? लग्न झालेल्यांनीसुद्धा ब्रह्मचर्याकडे वळावं, असा उपदेश त्यात आहे. ज्याचा तेरावा मुलगा १८८८ मध्ये जन्मला त्या गृहस्थाने हे लिहावं! बाळंतपणं कुणाची झाली होती?

आणि लोकांनी ती गोष्ट हिच्यावरच बेतलीय असं धरलं, हेही विसरू नका. तरी पुस्तकावर बंदी आली तेव्हा १८९१ मध्ये हीच बाई पीटर्सबर्गला जाऊन झार अलेक्झांडर तिसऱ्याला भेटली आणि ती गोष्ट समग्र खंडात छापायची परवानगी घेऊन आली. मला तर वाटतं त्यातही तिची मान ताठ ठेवायची धडपड होती. गोष्ट आपल्यावर असती तर आपण ती छापा म्हणून गेलो असतो का, असं जगाला दाखवायचं.

निंबोणी

वाद वाचून मजा आली. माझी भर छोटी आहे. कैफियतीसारखं न वाटणारं बायकोचं पुस्तक हवं असेल तर आपल्याच घरात आहे की, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, हे ठाऊक आहे. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये न विचारता, न सांगता ख्रिस्ती झाले. एखादीने आयुष्यभर अर्जच लिहिला असता. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या रागाची, घरातून नाहीसं होण्याच्या सवयीची गोष्ट सांगतात आणि आपण हसतो. पण हसता हसता कळतं की ह्या माणसाबरोबर राहणं किती अवघड होतं. त्या काही नाकारत बसत नाहीत, म्हणून जास्त विश्वास बसतो. सोफियाला तो विनोद लाभला नाही. तिला दोष देत नाही. लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याने सगळ्या जगात गाजेल अशी गोष्ट त्यांच्यावर रचली नव्हती.

आणि एक गंमत. टॉलस्टॉयने गोष्टीत व्हायोलिनवाला आणला १८८९ मध्ये. खऱ्या घरात संगीतकार आला तो नंतर. धाकटा वान्या १८९५ मध्ये सात वर्षांचाही न होता गेला, सोफिया पार मोडली आणि तानेयेव नावाच्या पियानोवादकाच्या वाजवण्यात तिचा जीव रमायला लागला. तेव्हा टॉलस्टॉय किती जळफळला! स्वतःच्याच गोष्टीत अडकला बिचारा.

जुनी टंकलेखिका

सगळ्यांचे आभार. आठवडाभर उत्तर दिलं नाही कारण पुन्हा वाचत होते, ह्या खेपेला सोफिया आधी.

रावसाहेब, आना सोज्वळ आहे हे खरंच. ते मला दुसऱ्यांदाही खटकलं. पण एक गोष्ट पहिल्या वाचनात निसटली होती. दोन्ही गोष्टींत नवरा बायकोला मारतो. टॉलस्टॉयचा पोझ्निशेव भिंतीवर टांगलेला वाकडा खंजीर काढतो, शोभेचा, कधी न वापरलेला. सोफियाचा प्रिन्स टेबलावरचं जड पेपरवेट उचलून फेकतो.

सोफियाने नवऱ्याची हस्तलिखितं वर्षानुवर्षं उतरून काढली, 'युद्ध आणि शांती' तर पुन्हा पुन्हा. माझ्यासारखीच नकलनवीस, फक्त बिनपगारी. तिला खंजीर सुचणारच नव्हता. माझ्या टेबलावर दोन पेपरवेट असायचे, काचेचे, आत निळं फूल. पंखा लावला की एक अर्जावर ठेवायचा, एक कैफियतीवर. हातात घेतला की वजन कळायचं.

यांना हे वाचून दाखवलं. पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "एकदा दे बघू ते पुस्तक." दिलंय. बायकोच्या गोष्टीत खूण घालून दिलंय.