मदत हवी आहे: एकटी राहिल्यावर आमची कुत्री नक्की काय सांगतेय?

नमस्कार मंडळी. आम्ही कामावर गेलो की आमची गावठी चंपी भुंकत राहते, असं शेजारच्या काकू सांगतात. दाराशी अनोळखी माणूस आला की तिचा आवाज कसा असतो ते मला पाठ आहे: जाडा, खरखरीत, मध्ये श्वासही न घेता. म्हणून घरात मोबाईल रेकॉर्डिंगला लावून गेले, तर त्यात भलतंच ऐकू आलं. बारीक, चिरक्या आवाजात एकदा भुंकते, बराच वेळ शांत, मग पुन्हा एकदा. शेवटी नुसतं कुंईकुंई. ऐकवत नाही हो.

बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ साली मुडी जातीच्या कुत्र्यांचं भुंकणं लोकांना ऐकवलं होतं. खालच्या पट्टीतलं, सलग भुंकणं त्यांना रागाचं वाटलं; कुत्रा न पाळलेल्यांनाही प्रसंग बऱ्यापैकी ओळखता आला.

मग चंपी घाबरतेय की कंटाळतेय? आवाजावरून हा फरक कुणी ओळखलाय का? लाळ गळणं, दारावरचे ओरखडे असं आणखी काय बघू? एकटं राहायची सवय तुम्ही कशी लावलीत? दटावणं किंवा भुंकणं बंद करणारा पट्टा मात्र कृपया सुचवू नका, तिला आणखी भीती घालायची नाहीये.