गिरणी वगळली तर प्रेमकथा उरते का?

एलिझाबेथ गॅस्केल यांच्या 'नॉर्थ अँड साउथ' या कादंबरीत संप आणि गिरणीची वर्णने प्रेमकथेच्या आड येतात, हे काही वाचकांचे मत मला मान्य नाही. मार्गारेट हेल आणि गिरणीमालक जॉन थॉर्नटन यांचे नाते त्या संपातच आकार घेते. दारावर चालून आलेल्या जमावासमोर ती त्याची ढाल बनून उभी राहते आणि दगड तिलाच लागतो, हा प्रसंग वगळला तर दुसऱ्या दिवशी त्याने घातलेल्या लग्नाच्या मागणीला आणि तिच्या नकाराला अर्थच राहत नाही.

कादंबरी १८५४ च्या सप्टेंबरपासून कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात क्रमशः आली, तेव्हा इंग्लंडमधील प्रेस्टनच्या गिरणी कामगारांचा दीर्घ लढा फसून काही महिनेच झाले होते. मला सर्वाधिक हलवून सोडते ती मार्गारेटच्याच वयाची बेसी हिगिन्स. गिरणीच्या कार्डिंग (कापूस पिंजण्याच्या) खात्यातील कापसाच्या तंतूंनी तिची फुप्फुसे निकामी झाली आहेत. ती सांगते की हवा खेळवणाऱ्या चाकाला पाच-सहाशे पौंड लागतात म्हणून बरेच मालक ते बसवत नाहीत, आणि काही कामगारांनाही ते नको असते, कारण तंतू गिळण्याची सवय सुटली की भूक जास्त लागते. हे ऐकलेली मार्गारेट थॉर्नटनकडे केवळ प्रेयसीच्या नजरेने पाहूच शकत नाही.